फोलपटांचा बर्फ

करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर तो मला प्रथम भेटला, तेव्हा मी त्याला मनातल्या मनात मूर्ख ठरवलं. पुढं त्या मतात मला फारसा बदल करावा लागला नाही. फक्त त्याचा मूर्खपणा माझ्या घरातल्या शहाणपणाहून उंची जातीचा आहे, हे कळायला एक हिवाळा जावा लागला.

युद्ध संपून तीन-चार महिने झाले होते. सोलापूरहून उमरग्याकडे येणारी मोटार, इंग्रजांची हद्द संपून निजामाची सुरू होते तिथं, रोजच्यासारखी थांबली आणि उतारू आपापली गाठोडी उघडून उभे राहिले. माझ्यासोबत प्रेमाबाई आत्या होती, आणि टपावर गोणपाटात गुंडाळलेल्या चार लांब लाकडी पट्ट्या होत्या, एका टोकाला वर वळलेल्या. सोलापुरातल्या एका गिरणीचा गोरा इंजिनिअर मायदेशी परतताना सामान विकत होता. बी.ए.ला संस्कृतात पहिली आल्याबद्दल मला जे बक्षीस मिळालं होतं, त्यातून मी त्या घेतल्या. त्या पैशातून मी एखादा कोश घ्यावा, अशी विद्यापीठाची अपेक्षा असावी.

नाक्यावरच्या म्हाताऱ्या मुन्शीजींनी गोणपाट सोडलं आणि एका पट्टीच्या वळलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"ये क्या चीज है, बाई?"

"स्की म्हणतात. बर्फावर घसरायच्या पट्ट्या."

"बर्फ?" त्यांनी चष्मा वर करून चहूकडं पाहिलं. चहूकडं तूर उभी होती. "नांगर का सामान होएंगा. नांगर का भाव अलग है."

"न्हाय मुन्शीजी," माझ्या मागून आवाज आला. "घरगुती सामान हाय. पाळण्याच्या दांड्या हैत त्या."

मी वळून पाहिलं. बिल्ले उसवून काढलेला लष्करी कोट, उन्हानं रापलेला चेहरा, आणि डावं पाऊल असं हलकं टेकलेलं, की जणू जमिनीची परवानगी घेऊन मगच भार टाकायचा. ओठ गंभीर होते. डोळे मात्र...

"घरगुती सामान को महसूल माफ है," मुन्शीजी म्हणाले. "मगर किसके घर का?"

"ह्यांच्या सासरचं," तो सरळ म्हणाला.

आत्याला एकाएकी खोकला आला.

"मला सासर नाही," मी मुन्शीजींना म्हणाले. "आणि असतं तरी ते जाहीर करायचं काम ह्या गृहस्थांकडं दिलं नसतं. महसूल किती ते सांगा."

दोन रुपये भरून मी मोटारीत बसले. तो पुढच्या बाकावर बसला आणि मोटार हलताच मागं वळला.

"दोन रुपये वाचत होते, बाई."

"खोटं बोलून वाचलेले दोन रुपये मला महाग पडतात."

"लई शिकल्याल्या दिसता."

"तुम्ही फारसे दिसत नाही."

"मॅट्रिक," तो शांतपणे म्हणाला. "पण बर्फ बघितलाय. इटलीत, लढाईवर. डाव्या पायाची दोन बोटं तिथंच ठेवून आलोय... खूण म्हणून." मग थोडं थांबून, "पैसं मोजून बर्फात जाणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय. आम्हाला सरकारनं फुकट नेलं होतं."

मला हसू आलं, आणि ते आलेलं आत्यानं पाहिलं, याचा मला अतिशय राग आला. नळदुर्गचा किल्ला मागं पडेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. त्याचं नाव विरुपाक्ष होतं आणि उमरग्यात मामाच्या कापडदुकानात तो बसत असे, ही माहिती मी विचारली नव्हती, आत्यानं मिळवली.

काश्मीरला जायचं हे माझ्या वडिलांच्या डोक्यातून निघालं होतं. सिद्रामप्पा म्हणजे उमरग्यातले मोठे आडते. सोलापूरच्या एका आडत्यानं बर्फात उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो दुकानात टांगला, त्या दिवसापासून आप्पांना भुईमुगाच्या भावात रस उरला नाही. तो आडत्या मुंबईच्या एका प्रवासकंपनीमार्फत गेला होता. आप्पांनी कंपनीचं नावसुद्धा ऐकून घेतलं नाही.

"दलाली कशापायी देऊ? म्या सोता आडत्या हाय."

दुसऱ्याच्या मालावर टक्का घेऊन ज्याच्या घराला मजला चढला, त्याच्या ठायी टक्क्याविषयी इतका सात्त्विक संताप असावा, हे मनुष्यस्वभावावरच्या कोणत्याही ग्रंथात मी वाचलं नव्हतं.

"दोन हजार," आप्पा म्हणाले. "वर पै न्हाय. रुद्रा, तुला विंग्रजी येतंय. तू बसव समदं."

"मी येणार ना, आप्पा?"

"तुज्याबिगर पाट्या कोन वाचनार?"

हे मी वचन समजले. ती फक्त पाट्यांची सोय होती.

सहा जणांचा बेत ठरला. आप्पा, अव्वा म्हणजे माझी आई, भाऊ कल्याणप्पा अण्णा, वहिनी, मी. आणि सहावा, आप्पांनी गावात चौकशी करून स्वतः बोलावून घेतलेला 'बर्फाचा जाणकार', विरुपाक्ष. महिनाभर मी दुसरं काही वाचलं नाही. हिमालयावर ज्या कवींनी सर्गच्या सर्ग लिहिले, त्यांपैकी एकानंही तिथवरचं भाडं लिहून ठेवलेलं नाही. ते मी रेल्वेच्या वेळापत्रकांतून काढलं. सोलापूर, दौंड, मनमाड, दिल्ली, लाहोर, रावळपिंडी, तिथून मोटार, आणि शेवटची चढण तट्टांवरून, गुलमर्गला. साहेबांच्या हॉटेलात उतरलो तर दोन हजार आठवड्यात संपतील, म्हणून लाकडी झोपडी भाड्यानं घ्यायची. खाणं घरचं: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी महिना महिना टिकते. लोकरीचे कोट विरुपाक्षनं सुचवले. लढाईतून उरलेले कोट सोलापूरच्या बाजारात ढिगानं विकायला आले होते.

अव्वाची शंका एकच होती. पहाटे लिंगपूजेआधी अंघोळीला ऊन पाणी मिळेल का? मी सांगितलं, तिथं पाणी विकत घ्यावं लागत नाही, बर्फ वितळवावा लागतो; त्यासाठी लाकूड मात्र विकत घ्यावं लागतं.

"म्हंजे तिथंबी लुटतेतच की," अव्वा म्हणाली आणि लाकडाचा खर्च मंजूर झाला.

राहिला प्रश्न सरावाचा. आमच्या शेंगा फोडायच्या गिरणीमागं फोलपटांचा डोंगर असतो. हिवाळ्यात तो माडीएवढा चढतो. विरुपाक्षनं त्यावर चढून, पाय रुतवून, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि हाच उमरग्याचा बर्फ म्हणून जाहीर केला. आप्पा एकदा घसरले आणि समाधानानं घरी गेले. मजूर बघतील म्हणून अण्णा आलाच नाही. वहिनी पदर खोचून दोनदा घसरली, तिसऱ्यांदा हसली, आणि अण्णाची हाक येताच पदर सोडून निघून गेली. मग दुपारची वेळ, अंगाला भिडणारा गार वारा, फोलपटांचा तेलकट खरपूस वास, आणि पोत्यावर बसून माळ ओढणारी आत्या... एवढंच उरलं. आणि तो.

"पहिला धडा पडायचा," तो म्हणाला.

"मला पडायचं नाही."

"मग बर्फात येऊ नका. तिथं उभं राहणं कुणालाच जमत न्हाय. चांगला कोण, तर चांगला पडतो तो."

"हे तुमचं शास्त्र?"

"माझा अनुभव. शास्त्र तुमच्याकडं असतंय."

मी निघाले. पट्ट्यांखाली फोलपटं चुरचुरली, वारा कानांत शिरला, डोंगर पायांखालून पळू लागला — आणि जिचा तोल गेलेला आयुष्यात कुणी पाहिला नव्हता, ती मी डोक्यापर्यंत फोलपटांत बुडाले. तो धावत आला. हसला नाही, म्हणून मी त्याला त्या दिवसापुरती क्षमा केली.

"केसात फोलपट हाय," तो म्हणाला. हात उचललेला, पण अर्ध्यात थांबलेला. "काढू?"

आमच्या घरात मला इतकी वर्षं अनेक गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. विचारलेली ही पहिली. मी मान हलवली. त्यानं दोन बोटांनी ते एक फोलपट काढलं आणि फेकून दिलं नाही.

"बाकीची शंभर?" मी म्हटलं.

"एकाचीच परवानगी झाली."

पोत्यावरून आत्या म्हणाली, "आर काढ की समदीच. म्या कुठं बघायलेय."

यानंतर जे झालं ते समजायला आमच्या मुलखाची एक गोष्ट ठाऊक हवी. निजामाच्या राज्यात हाली रुपया चालतो. हद्दीबाहेर रेल्वे, मोटार, तट्टू, सगळं कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, मागतं. शंभर कलदार घ्यायचे तर एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागतात. हा बट्टा उमरग्यातल्या शेंगदाणे विकणाऱ्या पोरालाही पाठ असतो. आप्पांचे दोन हजार हाली होते. म्हणून माझा सगळा खर्च मी सतराशे कलदारांत बसवला होता. दोन्ही बाजू रुपयाला रुपया जुळत होत्या.

अण्णानं माझी बेरीज पाहिली, सतराशे, आणि तीनशे उरले असं धरून मेहुण्याला आमंत्रण दिलं. शांतलिंग हा वहिनीचा भाऊ. मिशा मोठ्या, जमीन मोठी, इतर काही मोठं असल्याचं ऐकिवात नाही. कलदार-हालीची उलाढाल करण्यात अण्णाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मग त्यानं ही चूक कशी केली? मी त्याला तेच विचारलं.

"मला वाटलं तू हालीतच धरलं असशील," तो म्हणाला. "कलदार कशाला यायलाय बायकांच्या हिशेबात?"

तो हे भांडणाच्या सुरात म्हणाला नाही. पाणी मागावं तसं म्हणाला.

त्या रात्री जेवणावर आप्पांनी निवाडा दिला. "रुद्रा, एकाचा खर्च जड जातोय. शांतलिंगनं कोट शिवलाय."

म्हणजे ज्यानं कोट शिवला त्याला काढता येत नव्हतं. जिनं प्रवास शिवला तिला येत होतं.

"पाट्या कोण वाचणार?" मी विचारलं.

"तू लिवून दे की समदं. बर्फ कुठं पळून जातोय? फुडल्या साली जा. नवऱ्यासंगं जा."

अव्वानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. वहिनी खाली बघत होती. आमच्या लिंगायत धर्मात बाईच्या गळ्यातही लिंग असतं. देव देताना बाई-पुरुष पाहायचं नाही, असं आठ शतकांपूर्वीच ठरलं आहे. देव इतक्या उदारपणे वाटून झाल्यावर, गाडीतल्या जागा तेवढ्या वाटायच्या राहिल्या होत्या.

मी ओरडले नाही. जेवण पुरं केलं, ताट उचललं. दुसऱ्या दिवशी सगळं लिहून दिलं: कुठं उतरायचं, कुठं बदलायचं, कुणाला किती द्यायचं. त्यात एकही खोटी गोष्ट घातली नाही. एक स्टेशन चुकवलं असतं तर ते सगळे थेट मद्रासला पोचले असते, हा विचार मनात आला. पण माझा राग शुद्ध होता आणि तो मला भेसळ करून बाजारात आणायचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी आत्यानं बातमी आणली. विरुपाक्षनं आप्पांना सांगितलं होतं की आपण येत नाही, आपली जागा रुद्रम्माला द्यावी. आप्पांनी त्याचे आभार मानले आणि जागा शांतलिंगच्या गड्याला दिली. शांतलिंगला सकाळी पाय दाबून घ्यायची सवय होती.

मी गिरणीमागं गेले. तो डोंगराच्या पायथ्याशी बसून पट्ट्यांना तेल चोळत होता. आत्या धापा टाकत माझ्या मागं येऊन पोत्यावर बसली.

"तुम्ही मला विचारलं होतं?" मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. कशाबद्दल, असं त्यानं विचारलं नाही. तेवढी अक्कल त्याला होती.

"विचारलं असतं तर तुम्ही न्हाय म्हणाल्या असता."

"म्हणून विचारलं नाही. उत्तर आवडणार नाही म्हणून प्रश्नच टाळायचा. माझ्या घरातले दुसरं काय करतात? त्यांनी मला न विचारता जागा काढून घेतली, तुम्ही न विचारता द्यायला निघालात. वस्तू तीच... फक्त हात बदलले."

"मला वाटलं, तुम्हाला बर्फ दिसावा."

"मला वाटलं, मला वाटलं. अण्णालाही वाटलंच होतं." माझा आवाज थंड होता, आणि तो तसा राखायला मला किती कष्ट पडत होते हे त्याला दिसत असावं, याचा आणखी राग आला. "केसातलं एक फोलपट काढायला तुम्ही परवानगी मागितली होती, विरुपाक्ष. मला वाटलं होतं, निदान एक माणूस..."

वाक्य पुरं झालं नाही. तो उठला, त्याच्या त्या जपून टाकलेल्या पावलानं दोन पावलं पुढं आला आणि थांबला.

"चुकलो," तो म्हणाला. त्याच्यापुढं 'पण' नव्हता. मी वाट पाहिली. तो आलाच नाही. "परत असं व्हणार न्हाय."

"परतचा प्रश्न कुठं येतो?"

"तोबी विचारूनच," तो हळूच म्हणाला, "आणावा म्हणतोय."

मी पाठ फिरवली, कारण माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं त्याची मला खात्री नव्हती.

प्रवासाच्या दिवशी मला सोलापूरपर्यंत नेण्यात आलं: तिकिटं काढायला. आत्या सोबतीला, आणि वळकट्या बांधायला विरुपाक्ष. स्टेशनावर मरणाची गर्दी होती. लढाईवरून परतणारे शिपाई, त्यांच्या ट्रंका, कोळशाचा धूर. तिकिटं काढून मी आप्पांच्या हातात दिली. ढगळ लष्करी कोटात आप्पा एकाएकी लहान दिसत होते. माझा कागद त्यांच्या मुठीत होता आणि डोक्यावरच्या सगळ्या पाट्या इंग्रजीत.

"दौंडला रातच्याला बदलायची म्हंतीस," ते म्हणाले. "फलाट कोन सांगनार?"

"विचारावं लागेल."

आप्पांनी गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "रुद्रव्वा... तूच चल. शांतलिंगचा गडी जाईल माघारी."

ही ती जागा. महिनाभर जिच्यासाठी मी वेळापत्रकं कुरतडली, ती माझ्यापुढं धरलेली होती. मला बर्फ हवा होता. तो किती हवा होता हे सांगायचं, तर कवींना मी जी नावं ठेवली आहेत, ती परत घ्यावी लागतील. 

"तुम्ही मला गड्याच्या जागी बोलावताय, आप्पा," मी म्हणाले. "मी मुलीच्या जागी येणार होते."

 मी वाकून नमस्कार केला, अव्वाच्या गळ्याशी मफलर नीट केला, आणि हमालाला पट्ट्या खाली काढायला सांगितल्या.

"आँ? मग आमी घसरायचं कशावर?" शांतलिंग म्हणाला.

"तुम्हाला पट्ट्यांची गरज नाही," मी म्हणाले.

डब्यातून वहिनीनं पहिल्यांदाच मान वर केली, आणि ती हसत होती.

ते सगळे पोचले, हेही इथंच सांगून टाकते. माझ्या कागदात चूक नव्हती. झोपडी मिळाली, भाकरी पुरली, पाणी वितळलं. महिन्यानं परत येऊन आप्पांनी फोटो टांगला. बर्फ कसा असतो, असं मी विचारलं तेव्हा ते बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "पांढरा असतो."

पण त्या दुपारी आम्ही तिघं मोटारीनं परत निघालो होतो. आत्या आमच्या दोघांच्या मधे बसली होती आणि वाटेत तिनं कधी झोप काढली, कधी झोपेचं सोंग.   ज्वारीच्या रानातून गार वारा आत येत होता, आणि दर खड्ड्याला टपावरच्या पट्ट्या एकमेकींवर आपटून खटखट करत होत्या.

नाक्यावर मोटार थांबली. मुन्शीजींनी गोणपाट सोडलं आणि चष्मा वर केला.

"फिर ये? बर्फ देखे क्या, बाई?"

"नाही, मुन्शीजी."

"महसूल फिर से लगेगा. हद्द के बाहर गया सो सामान नया सामान."

विरुपाक्ष तुरीच्या रानाकडं बघत उभा होता. ओठ घट्ट मिटलेले. एखादं उत्तर जिभेवर आलेलं असताना ते गिळणारा माणूस कसा दिसतो, ते मी मन लावून पाहिलं.

"घरगुती सामान आहे," मी म्हणाले.

तो झटकन वळला.

"अच्छा," मुन्शीजींनी टाक उचलला. "किसके घर का?"

"ते ह्यांना विचारा. पण ह्यांनी मला न विचारता उत्तर दिलं, तर महसूल दुप्पट लावा."

आत्या आपल्या ट्रंकेवर बसली. "माजं गुडघं दुखायलेत. काय विचारायचं त्ये लवकर विचारा."

तो आला. डावं पाऊल हलकं, जमिनीची परवानगी घेत. इटलीत बंदुकांपुढं उभा राहिलेला माणूस हातातली टोपी पिळत होता.

"रुद्रम्मा," तो म्हणाला, "मामाच्या दुकानामागं दोन खोल्या हैत. एकीत कापडाचे गठ्ठे हैत, ते हलवता येतील. तुमच्या पुस्तकांना जागा व्हईल. बर्फ... न्हाय माझ्याकडं." त्यानं टोपीला आणखी एक पीळ दिला. "याल?"

"फोलपटं?"

"मागाल तेवढी."

माझा राग तेव्हा होता तसाच होता. आजही आहे, मी तो कुणाला देऊन टाकलेला नाही. पण ह्या माणसासमोर तो लपवावा लागत नव्हता. मी त्याच्याकडं पाहिलं... आणि पाहत राहिले, जरा जास्तच वेळ. माझ्या ध्यानात आलं की त्याच्या कोटाच्या वरच्या खिशातून, टोपी पिळण्याच्या नादात, एक वाळकं फोलपट डोकावत होतं.

"लिहा, मुन्शीजी," मी म्हणाले. "आमच्या घरचं."

मुन्शीजींनी टाक दौतीत बुडवला आणि ते अडले. "मगर ये आखिर है क्या चीज?"

"पाळण्याच्या दांड्या," आत्या म्हणाली.